मलमाच्या नळीवरचा ‘मिथाइल’

प्रश्न : कंबरदुखीसाठी आणलेल्या जेलच्या नळीवर ‘मिथाइल सॅलिसिलेट’ असं लिहिलंय आणि कोल्ड क्रीमच्या खोक्यावर ‘मिथाइलपॅराबेन’. बारावीतला मुलगा म्हणतो, दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच आहे. मग जेल लावलं की घरभर वास सुटतो आणि क्रीमला त्याचा मागमूसही नाही, हे कसं? आणि सूत्र एकच तर नावं दोन कशाला?
– एक वाचिका, कऱ्हाड

उत्तर : मुलगा खरं बोलतोय. दोन्हींच्या रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. त्यात मी आणखी एकाची भर घालतो. आइस्क्रीमला जो व्हॅनिलाचा वास येतो, तो देणारं व्हॅनिलिन. त्याचंही सूत्र हेच. कंबरेला चोळायचं तेल, क्रीमला बुरशी धरू नये म्हणून घातलेली पांढरी भुकटी आणि व्हॅनिला, तिन्हींत अणू तेच आणि तेवढेच. सूत्र फक्त अणू मोजून दाखवतं. कोणता अणू कुणाला चिकटलाय, हे त्यातून कळत नाही. ते सांगायचं काम नावाचं.

आता ती नावं जरा जवळून पाहू. मिथाइल सॅलिसिलेटचं पद्धतशीर नाव ‘मिथाइल २-हायड्रॉक्सिबेंझोएट’. मिथाइलपॅराबेनचं ‘मिथाइल ४-हायड्रॉक्सिबेंझोएट’. फरक आहे तो एका आकड्याचा.

अशी नावं शेवटाकडून वाचायला घ्यावीत. आपल्याकडे अनोळखी माणसाचं आडनाव आधी विचारतात, तसंच काहीसं. शेवटचं ‘बेंझोएट’ सांगतं की हे घराणं बेंझोइक आम्लाचं, म्हणजे सहा कार्बनांचं कडं आणि त्या कड्याला बाहेरून जोडलेला आम्लाचा गट. आम्लाचा अल्कोहोलशी संयोग झाला, मधून पाण्याचा एक रेणू निघून गेला, की जे उरतं त्याला एस्टर म्हणतात. अशा वेळी आम्लाच्या नावातला ‘इक’ जातो आणि ‘एट’ येतो. अल्कोहोलचा वाटा पुढे, वेगळा शब्द करून लिहायचा. इथे अल्कोहोल मिथाइल, म्हणून ‘मिथाइल’. दोन शब्दांमधली ती मोकळी जागा नियमातच आहे. (‘मिथाइलपॅराबेन’ सलग लिहितात, कारण ते व्यवहारातलं आटोपशीर नाव आहे, नियमांतून आलेलं नाही.) राहिलं ‘हायड्रॉक्सि’. तो ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट. त्याच्या आधीचा आकडा म्हणजे कड्यावरची त्याची जागा. आम्लाचा गट ज्या कार्बनवर बसलाय तो पहिला, त्याच्या लगतचा दुसरा, बरोब्बर समोरचा चौथा.

वासाचं सगळं गुपित या दोन आणि चारमध्ये आहे. दुसऱ्या जागेवरचा हायड्रॉक्सि गट एस्टरच्या ऑक्सिजनच्या अगदी शेजारी येतो. त्याचा हायड्रोजन त्याच रेणूतल्या त्या ऑक्सिजनकडे ओढला जातो आणि दुसऱ्या रेणूला धरून ठेवायला फारसा मोकळा राहत नाही. परिणामी रेणू एकमेकांपासून सुटे राहतात. मिथाइल सॅलिसिलेट शून्याखाली ९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं, म्हणजे आपल्या घरात ते पातळ तेलच, आणि त्यातून रेणू सहज उडून नाकापर्यंत पोचतात. चौथ्या जागेवरच्या गटाला आपल्या रेणूत धरायला कुणी सापडत नाही. तो शेजारच्या रेणूला पकडतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, आणि घट्ट स्फटिक तयार होतात. मिथाइलपॅराबेन वितळतं १२५ अंशांच्या पुढे. जे उडत नाही त्याचा वास कुठून येणार?

व्हॅनिलिनच्या पद्धतशीर नावाचा शेवट ‘बेंझाल्डिहाइड’ असा आहे. म्हणजे ते एस्टर नव्हेच. त्यातही एक मिथाइल आहे, पण ते आम्लाला न जोडता ऑक्सिजनमार्फत थेट कड्याला जोडलंय, म्हणून नावात ‘३-मिथॉक्सी’ येतं आणि सोबत ‘४-हायड्रॉक्सि’. तिन्ही आकृत्या चिरंजीवांकडून काढून घ्या. बारावीचं अर्धं नामकरण त्यातच उरकेल.

हे तेल रसायनशास्त्रज्ञांच्या आधी झाडांनी बनवलंय. उत्तर अमेरिकेत विंटरग्रीन नावाचं बुटकं झुडूप आहे. त्याच्या पानांच्या तेलात जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट असतं, हे फ्रान्सच्या ओग्यूस्त काऊर यांनी १८४३ साली दाखवलं. त्याच कुळातला आपला गंधपुरा हिमालयात, खासी टेकड्यांत आणि निलगिरीच्या डोंगरांत उगवतो. उटीला गेलेली मंडळी निलगिरी तेलाबरोबर विंटरग्रीनची बाटली आणतात, ती याचीच. मलमाच्या डबीवर ‘गंधपुरो तैल’ दिसलं, तर तेही हेच.

झाडाला याचा काय उपयोग, हा प्रश्न मला वेदनेच्या मलमापेक्षा जास्त गमतीचा वाटतो. तंबाखूच्या झाडाला मोझॅक विषाणूची लागण झाली, की ते सॅलिसिलिक आम्ल तयार करतं आणि त्यातलं काही मिथाइल एस्टर करून हवेत सोडतं. शेजारच्या निरोगी झाडांमध्ये ते शिरतं, तिथे पुन्हा त्याचं आम्ल होतं आणि रोग यायच्या आधीच ती झाडं प्रतिकाराच्या तयारीला लागतात. १९९७ साली हे प्रयोगातून सिद्ध झालं. सॅलिसिलिक आम्ल स्वतः घन आहे, १५९ अंशांच्या सुमारास वितळणारं. ते हवेतून निरोप नेऊ शकत नाही. आम्लाच्या टोकाशी एक मिथाइल चिकटवलं, की ते उडायला लागतं. जाईच्या फुलातलं मिथाइल जॅस्मोनेटही याच युक्तीवर चालतं.

मुलाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करून बघता येईल, अर्थात सरांच्या देखरेखीखाली. परीक्षानळीत चिमूटभर सॅलिसिलिक आम्ल, त्यावर थोडं मिथेनॉल, वर संहत सल्फ्युरिक आम्लाचे चार-पाच थेंब. नळी गरम पाण्यात धरायची, ज्योतीवर अजिबात नाही, कारण मिथेनॉल पटकन पेट घेतं. पाच-दहा मिनिटांनी ते चंचुपात्रातल्या सोड्याच्या पाण्यात ओतायचं. फसफसून उरलेलं आम्ल मरतं, पाण्यात तेलाचे बारीक थेंब दिसतात आणि सगळ्या प्रयोगशाळेत क्रिकेटच्या ड्रेसिंग रूमसारखा वास सुटतो. या क्रियेत जे पाणी बाहेर पडतं, त्यातला ऑक्सिजन कुणाचा, आम्लाचा की अल्कोहोलचा, यावर रसायनशास्त्रज्ञांनी बराच काथ्याकूट केला होता. १९३८ साली अमेरिकेत रॉबर्ट्स आणि यूरी यांनी ऑक्सिजनचं जड समस्थानिक जास्त असलेलं मिथेनॉल घेऊन बेंझोइक आम्लाचं मिथाइल एस्टर बनवलं. जड ऑक्सिजन एस्टरमध्ये सापडला, पाण्यात नाही. म्हणजे मिथाइल येताना आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन येतं आणि पाण्यासाठी ऑक्सिजन जातो तो आम्लाचा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. घरात लहान मूल असेल तर विंटरग्रीनच्या तेलाची बाटली उंचावर ठेवा. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर शुद्ध तेल पोटात गेलं, तर ते अ‍ॅस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांच्या बरोबरीचं होतं. त्याचा वास गोडसर असतो, त्यामुळे मुलांना ते औषध वाटतच नाही.


प्रश्न : ‘मिथाइल’ शब्द वाचला की विषारी दारू आठवते. डाएट कोल्ड्रिंकमधलं अ‍ॅस्पार्टेम हेही मिथाइल एस्टर आहे आणि पोटात गेल्यावर त्यातून मिथाइल अल्कोहोल सुटतं, असं वाचलं. हे खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं आहे, आणि म्हणूनच नुसतं ‘खरं’ म्हणून सोडून देता येत नाही.

२०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलचं शरीरात आधी फॉर्माल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक आम्ल. हे फॉर्मिक आम्ल डोळ्यांकडे जाणाऱ्या नसांवर घाला घालतं. त्यामुळे जगलेल्यांपैकीही काहींची नजर जाते. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर इतकं पोटात गेलं, तरी माणूस आंधळा होऊ शकतो.

आता अ‍ॅस्पार्टेम. त्याच्या लांबलचक नावाची सुरुवात ‘मिथाइल’नं होते आणि शेवट ‘एट’वर. साचा तोच. आतड्यात त्याचे तुकडे होतात, ॲस्पार्टिक आम्ल, फिनाइलअ‍ॅलनिन आणि मिथेनॉल. वजनानं पाहिलं तर मिथेनॉलचा वाटा एक दशांशाच्या जरा वर. एका कॅनमध्ये २०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम आहे असं धरलं, तर २२ मिलिग्रॅम मिथेनॉल सुटेल. वर सांगितलेले १० मिलिलिटर म्हणजे जवळपास ८,००० मिलिग्रॅम. त्या आकड्यापर्यंत जायला एका बैठकीत साडेतीनशेहून अधिक कॅन रिचवावे लागतील. त्याआधी दुसरंच काहीतरी होईल.

शिवाय मिथाइल एस्टर खायला कोल्ड्रिंकच लागतं असंही नाही. पेरूची जेली जमते ती पेक्टिनमुळे, आणि पेक्टिनच्या लांब साखळीत आम्लाचे बरेच गट मिथाइल एस्टर होऊन बसलेले असतात. पेरू, सफरचंद, संत्रं खाल्लं की त्यांतूनही थोडं मिथेनॉल सुटतं आणि शरीर ते निमूटपणे निस्तरतं. नावात ‘मिथाइल’ असणं म्हणजे पदार्थात मोकळं मिथेनॉल असणं नव्हे. किती सुटतं आणि किती वेळात, हे पाहावं लागतं.

ज्यांना अ‍ॅस्पार्टेमपासून खरोखर दूर राहायला हवं, ते लोक वेगळेच आहेत. फिनाइलकीटोन्यूरिया नावाच्या जन्मजात विकारात शरीराला फिनाइलअ‍ॅलनिन पचवता येत नाही. पाकिटावर त्यांच्यासाठी सूचना छापलेली असते. आपण सगळे ‘मिथाइल’कडे बघत बसतो आणि धोक्याचा शब्द शेजारीच असतो.


प्रश्न : आमच्या पुस्तकात ‘इथेनॉइक आम्ल’ आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीवर ‘अ‍ॅसिटिक आम्ल’ आहे. सर म्हणतात, पहिलं आययूपॅक नाव आणि दुसरं जुनं. जुनं नाव चुकीचं असेल तर बाटलीवर का लिहितात?
– इयत्ता दहावी, नांदेड

उत्तर : परीक्षेत ‘इथेनॉइक आम्ल’च लिही. गुण त्यालाच आहेत. आता परीक्षेबाहेरची गोष्ट ऐक.

जुनी नावं पदार्थ कुठे सापडला त्यावरून पडायची. इंग्लंडच्या जॉन रे यांनी १६७१ मध्ये मुंग्यांच्या अर्कात आम्ल असल्याचं नोंदवलं. लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका, म्हणून ते आम्ल फॉर्मिक. लोण्यात सापडलं ते ब्युटिरिक. शेळीच्या नावावरून तर तीन आम्लं झाली, कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक. यातलं सहा कार्बनांचं कोणतं आणि दहाचं कोणतं, हे पाठ असल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. आता त्यांना हेक्झॅनॉइक, ऑक्टॅनॉइक आणि डेकॅनॉइक म्हणतात. आकडा नावातच आला. शेळी गेली, पण घोळही गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी संयुगं इतक्या झपाट्यानं तयार होऊ लागली, की कोशात कोणता पदार्थ कुठे शोधायचा हेच कळेना. एकाच पदार्थाला चार नावं आणि चार ठिकाणी चार नोंदी. तेव्हा १८९२ च्या एप्रिलमध्ये युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जिनिव्हात जमले. अध्यक्ष होते फ्रान्सचे शार्ल फ्रिडेल. सर्वांत लांब साखळी शोधा, तिचे कार्बन मोजा, मोजणी मिथेन, इथेन, प्रोपेन अशा मूळ नावांनी करा आणि कोणता गट जोडलाय हे शेवटच्या प्रत्ययानं सांगा, हा तुझ्या पुस्तकातला पाया तिथे घातला गेला. इथेनॉइक म्हणजे दोन कार्बनांचं आम्ल, आणि त्या मोजणीत आम्लाच्या गटातला कार्बनही धरायचा. १९१९ मध्ये आययूपॅक स्थापन झाली आणि नियम सांभाळणं तिच्याकडे आलं.

तुझ्या सरांना विचारायला एक मजेशीर प्रश्न देतो. आययूपॅकनं २०१३ मध्ये सेंद्रिय संयुगांसाठी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक पदार्थासाठी एकच ‘पसंतीचं’ नाव ठरवायची पद्धत दिली आहे. दोन कार्बनांच्या आम्लासाठी त्यांनी पसंत केलेलं नाव आहे अ‍ॅसिटिक आम्ल. एका कार्बनाच्या आम्लासाठी फॉर्मिक आम्ल. इथेनॉइक, मिथेनॉइक ही नावं चालतात, पण पहिल्या पंक्तीत नाहीत. वेल्डिंगवाला ज्याला अ‍ॅसिटिलीन म्हणतो, त्याचंही तसंच. पुस्तकात ते ‘इथाइन’ आहे आणि आययूपॅकची पसंती अ‍ॅसिटिलीनला आहे.

म्हणजे बाटली बरोबर, सरही बरोबर, आणि तुझं पुस्तकही. दहावीत पद्धत शिकवायची असते, म्हणून पुस्तक एकाच साच्यात सगळी नावं बसवतं. नियम करणाऱ्यांना मात्र जगभरच्या बाटल्यांवर नव्यानं चिठ्ठ्या डकवायच्या नसतात. माझं मत विचारशील तर ब्युटिरिकसारख्या जुन्या नावांबद्दल मला माया आहे. पण नवा पदार्थ बनला तर त्याला मुंगीचं नाव देऊन भागणार नाही. रसायनांच्या जागतिक नोंदवहीत आज वीस कोटींहून अधिक पदार्थ आहेत. तेवढे प्राणी पृथ्वीवर सापडायचे नाहीत.


प्रश्न : अमेरिकेत आई-वडील आले की बॅगेतून पॅरासिटामॉल घेऊन येतात. इथे ते मिळत नाही म्हणून?
– एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : मिळतं, फक्त ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणून. दोन्ही एकच औषध. पॅरा-अ‍ॅसिटिलअमिनोफिनॉल या एकाच रासायनिक नावातून एकानं पुढची-मागची अक्षरं उचलली, दुसऱ्यानं मधली. दोन्ही वेगळी औषधं समजून एकापाठोपाठ घेऊ नका, यकृताला ते महागात पडतं.


प्रश्न : आमच्याकडे करंजाची झाडं भरपूर आहेत. करंजतेलापासून केलेल्या बायोडिझेलच्या तपासणी अहवालात ‘फॅटी अ‍ॅसिड मिथाइल एस्टर’ असं लिहिलंय. हे एकाच पदार्थाचं नाव आहे का? आणि तेल थेट इंजिनात का घालत नाहीत?
– एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. थेट घालून पाहिलं गेलंय. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण जाडीची. वनस्पती तेल डिझेलच्या दहापट वगैरे घट्ट असतं. पिचकारीतून त्याचा बारीक फवारा उडत नाही, नीट जळत नाही आणि काजळी धरते.

तेल इतकं घट्ट का, तर त्याचा रेणू अवजड असतो. ग्लिसरीनच्या एका रेणूला तीन लांब आम्लं एस्टरनं जोडलेली. त्यात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून ६० अंशांच्या आसपास घुसळलं, की अदलाबदल होते. ग्लिसरीन बाजूला पडतं आणि प्रत्येक आम्लाला एकेक मिथाइल मिळतं. एका थोराड रेणूचे तीन सडपातळ रेणू. १०० किलो तेलाला सुमारे १०-११ किलो मिथेनॉल लागतं, जवळपास १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि १० किलोच्या घरात ग्लिसरीन तळाशी बसतं. करंजतेलात सुटी आम्लं बऱ्याचदा जास्त असतात. सरळ अल्कली घातला तर त्यांचा साबण होतो आणि सगळा माल फेसाळून बसतो. म्हणून असं तेल आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल घालून एकदा काढून घेतात, मग अल्कली.

अहवालातलं नाव मात्र एकाचं नाही. ते साऱ्या टोळीचं आहे. करंजतेलातून येणाऱ्या या टोळीत बहुतेक वेळा सर्वांत मोठा वाटा मिथाइल ओलिएटचा असतो. त्याचं पूर्ण नाव असं : मिथाइल (९झेड)-ऑक्टाडेक-९-ईनोएट. बघताच पान उलटावंसं वाटतं, पण सोपं आहे. ऑक्टाडेक म्हणजे अठरा कार्बनांची साखळी. ‘९-ईन’ म्हणजे नवव्या कार्बनापासून एक दुहेरी बंध. ‘ओएट’ म्हणजे टोकाला आम्लाचं एस्टर. पुढचं ‘मिथाइल’ तुमच्या ओळखीचं झालंच आहे. उरलं ते ‘झेड’. दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंचे साखळीचे तुकडे एकाच अंगाला आहेत, असं ते अक्षर सांगतं. साखळी तिथे वाकते, रेणू एकमेकांवर नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहतं.

त्या एका अक्षराच्या जागी ‘ई’ आलं तर काय होतं? तुकडे विरुद्ध अंगांना जातात आणि साखळी जवळजवळ सरळ होते. ओलिइक आम्ल १३-१४ अंशांना वितळतं, तर त्याचं ‘ई’ रूप ४५ अंशांच्या आसपास. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट म्हणतात ते हेच कुटुंब. हृदयासाठी ते इतकं वाईट ठरलं, की भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्य तेला-तुपात त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ द्यायला परवानगी नाही. सूत्र तेच, वजन तेच, बदललं एक अक्षर.

जाता जाता आणखी एक. तुपात भेसळ आहे का, हे पाहताना प्रयोगशाळा हीच युक्ती वापरतात. तूप आहे तसं यंत्रात उडत नाही, म्हणून त्यातल्या सगळ्या आम्लांचे मिथाइल एस्टर करतात आणि कोणतं किती आहे ते यंत्रावर मोजतात. दुधाच्या तुपात चार कार्बनांचं ब्युटिरिक आम्ल ठरावीक प्रमाणात मिळायला हवं. पामतेलात ते नसतं. हेच आम्ल मोकळं झालं की लोणी खवट होतं आणि त्या वासानं मळमळतं. त्याला मिथाइल जोडलं की वास येतो सफरचंद-अननसाचा. ज्यांना नाक आहे त्यांना नामकरण कशासाठी हवं, असा प्रश्न पडत असेल तर हे दोन वास त्याचं उत्तर आहेत. नाकाला या दोघांचं नातं कधीच कळलं नसतं.


प्रश्न : आजोबांच्या औषधांच्या डब्यात अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या गोळ्या सापडल्या. बाटली उघडली तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. अ‍ॅस्पिरिन आणि मलमातलं सॅलिसिलेट यांचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सख्खी भावंडं आहेत. सॅलिसिलिक आम्लाच्या रेणूला दोन हात असतात. पहिल्या जागी आम्लाचा गट आणि दुसऱ्या जागी हायड्रॉक्सि गट. आम्लाच्या गटाला मिथेनॉल जोडलं की मलमातलं तेल होतं. तो गट तसाच ठेवून दुसऱ्या हाताला अ‍ॅसिटिक आम्लाचा तुकडा जोडला की अ‍ॅस्पिरिन. जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमान यांनी १८९७ मध्ये ते शुद्ध रूपात केलं आणि १८९९ मध्ये ते बाजारात आलं.

दोन्ही एस्टरच. तरी अ‍ॅस्पिरिनचं पद्धतशीर नाव ‘२-अ‍ॅसिटिलॉक्सिबेंझोइक आम्ल’ आहे, ‘एट’ नाही. कारण नावाचा शेवट ठरवताना गटांमध्ये मानपान असतो आणि त्यात आम्लाचा मान एस्टरच्या वर आहे. अ‍ॅस्पिरिनमध्ये मूळचा आम्लाचा गट मोकळा राहिलाय, म्हणून आडनाव त्याचं लागतं आणि एस्टरला पुढे ‘अ‍ॅसिटिलॉक्सि’ होऊन उपसर्गाच्या जागी बसावं लागतं. मिथाइल सॅलिसिलेटमध्ये तो गट मिथाइलनं झाकला गेला, तेव्हा शेवट ‘एट’ झाला. पोटात आणि कातडीवर दोन्हींतून शेवटी तेच सॅलिसिलिक आम्ल मोकळं होतं. म्हणून रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी असं मलम रोज भरपूर चोळायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

तुमच्या बाटलीतला वास म्हणजे एस्टर बनण्याच्या उलटी क्रिया. पावसाळी दमट हवेतलं पाणी गोळ्यांत शिरलं, अ‍ॅसिटिलचा तुकडा सुटला आणि त्याचं अ‍ॅसिटिक आम्ल झालं, व्हिनेगरमध्ये असतं ते. मागे उरलं सॅलिसिलिक आम्ल. ते जठराला जास्त झोंबतं आणि अ‍ॅस्पिरिनसारखं रक्तातल्या बिंबाणूंना आवर घालू शकत नाही. आजोबा हृदयासाठी गोळी घेत असतील तर ती निकामी झाली. बाटली टाकून द्या आणि नवी पट्टी आणा. पट्टीतली गोळी बाटलीतल्यापेक्षा दमटपणाला जास्त दिवस टिकते.